अंधुक उजेडातील पिस्तूल नेमबाजी : नळीच्या तोंडावरील ज्वाळेचा त्रास कसा कमी करावा

गोळीच्या मागोमाग नळीतून तप्त वायू बाहेर पडतात. त्यांत पुरते न जळलेले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतात व बाहेरच्या हवेतील ऑक्सिजन मिळताच ते पेटतात. अंधारात डोळे दिपवणारी मोठी ज्वाळा मुख्यतः हीच. नळी आखूड असेल तर वायू अधिक दाबाने आणि अधिक तप्त अवस्थेत बाहेर पडतात, त्यामुळे ज्वाळाही सहसा वाढते. म्हणून पहिला उपाय काडतुसाच्या निवडीत आहे. काही काडतुसांच्या दारूत ज्वाळा दाबण्यासाठी पोटॅशियमचे क्षार मिसळलेले असतात, आणि एकाच पिस्तुलातून झाडलेल्या दोन प्रकारच्या काडतुसांत लखलखाटाचा फरक सहज जाणवू शकतो. रेंज अधिकाऱ्याच्या परवानगीने दिवे मंद करून आपल्याच पिस्तुलावर ही तुलना करावी. मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याने चित्रीकरण केल्यास कॅमेऱ्याचे एक्स्पोजर कायम ठेवावे, अन्यथा तुलना फसवी ठरते.

डोळा अंधाराला पूर्ण सरावण्यास साधारण 20 ते 30 मिनिटे लागतात, आणि एका लखलखाटाने त्यातील बरेच काही वाया जाते. मात्र लक्ष्यावर टॉर्चचा प्रखर उजेड असेल तर डोळा आधीच उजेडाला सरावलेला असतो आणि तीच ज्वाळा फारशी जाणवत नाही. माझ्या मते चांगली टॉर्च हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, शिवाय लक्ष्याची खात्रीही तिच्यामुळेच पटते. सलग गोळ्या झाडल्यावर धुरावरून उजेड उलट डोळ्यांत येतो. अशा वेळी टॉर्च बंद करून धूर विरू द्यावा. पिस्तुलावर बसवलेल्या टॉर्चने शोधाशोध कधीही करू नये, कारण उजेड जिथे जातो तिथे नळीही रोखली जाते. त्यासाठी हातातली वेगळी टॉर्च ठेवावी.

खरी अडचण पुष्कळदा लखलखाटाच्या भीतीने आधीच डोळे मिटण्याची असते. मॅगझिनमध्ये जिवंत काडतुसांबरोबर डमी (दारू नसलेली, न उडणारी) काडतुसे सहकाऱ्याकडून मिसळून घ्यावीत. डमीवर चाप ओढताना नळी खाली झुकली, तर बिघाड डोळ्यांत नसून हातात आहे हे लगेच कळते. चाप सुटेपर्यंत नजर पुढच्या साईटवर (नळीच्या टोकाजवळील नेम धरण्याच्या खुणेवर) ठेवावी आणि ती पुन्हा स्पष्ट दिसल्याशिवाय दुसरी गोळी झाडू नये. ट्रिटियम या किरणोत्सर्गी वायूमुळे आपोआप उजळणाऱ्या साईट अंधारात उपयोगी पडतात, पण ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षे असल्याने जुन्या साईटचा उजेड तपासून घ्यावा.

नळीला वरच्या बाजूने छिद्रे असलेल्या पिस्तुलातील ज्वाळा थेट नजरेच्या रेषेत येते, त्यामुळे अंधारासाठी ते टाळलेले बरे. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतूनही तप्त वायू बाजूंना उसळतात. तिथे बोट किंवा अंगठा येता कामा नये. संरक्षक चष्मा पारदर्शक काचेचाच असावा. नेमबाजी संपल्यावर मॅगझिन काढून, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे अडकवून, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची खात्री टॉर्चच्या उजेडात पाहून आणि करंगळी आत घालून अशी दोन्ही प्रकारे करावी.