बाहेरचा एअर फिल्टर घेण्याआधी अडथळा मोजून पाहा

कंपनीचा कागदी एअर फिल्टर काढून त्याजागी धुऊन पुन्हा वापरता येणारा सुती जाळीचा फिल्टर बसवला की गाडीचा पिकअप वाढतो, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा दावा पारखण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे: आत्ताचा फिल्टर हवेला अडवतो तरी किती? मुळात जेवढा अडथळा असेल, तेवढाच फार तर दूर होऊ शकतो.

एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण ९,००० लिटर हवा लागते, आणि १.२ लिटरचे साधे चार-स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमवर (मिनिटाला इंजिनाचे फेरे) मिनिटाला फार तर ३,६०० लिटरच्या आसपास हवा ओढते. ही सगळी हवा फिल्टरमधूनच जाते, म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना फिल्टरच्या अडथळ्याचा थोडाफार परिणाम होतो. एरवी, म्हणजे रोजच्या बहुतेक वेळी, पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या) झडपेनेच हवा रोखून धरलेली असते. तेव्हा मोकळा फिल्टर बसवणे म्हणजे घराचे दार किलकिले ठेवून अंगणाचे फाटक रुंद करण्यासारखे आहे. त्यामुळे नव्या फिल्टरने ॲव्हरेज वाढेल, ही अपेक्षा आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीकडून ठेवू नये. अमेरिकेच्या ऊर्जा विभागासाठी ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत तर अशा गाड्यांचा फिल्टर चोंदला तरी इंधनाचा खप फारसा बदलला नाही. मंदावला तो वेग घेण्याचा दर. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांत चोंदलेल्या फिल्टरमुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते.

आता मोजणीकडे वळू. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेल्या आणि मॅनिफोल्डचा, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला, दाब दाखवणारा सेन्सर असलेल्या पेट्रोल गाडीवर ही मोजणी ओबीडी स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या उपकरणाने, होते. इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना स्कॅनरवर दिसणारा दाब म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. तो लिहून ठेवावा. नंतर डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवणाऱ्या चाचणी यंत्रावर), किंवा तशी सोय नसल्यास गाड्यांसाठी राखलेल्या बंद मैदानावर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून वरच्या आरपीएमचा दाब नोंदवावा. स्कॅनर चालकाने नव्हे, शेजारी बसलेल्याने पाहावा. समजा पहिला आकडा ९८ किलोपास्कल (दाबाचे एकक) आणि दुसरा ९५ आला, तर फिल्टर, नळ्या आणि थ्रॉटल यांचा मिळून अडथळा ३ किलोपास्कल, म्हणजे सुमारे तीन टक्के झाला. त्यातला फिल्टरचा वाटा याहूनही कमी असणार, आणि नवा फिल्टर तोही शून्यावर आणत नाही.

तुलना मात्र नव्या कागदी फिल्टरशीच करावी. धुळीने भरलेला जुना फिल्टर काढून बाहेरचा बसवला की फरक जाणवतो खरा, पण तो कोणत्याही स्वच्छ फिल्टरने जाणवला असता. शिवाय मोकळ्या फिल्टरमुळे हवा ओढण्याचा आवाज वाढतो आणि गाडी जोरात पळते असा भास होतो. माझ्या मते या व्यवहारात बहुतेकांच्या पदरी पडतो तो हा आवाजच.

एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरचा बंद डबा, काढून टाकून बसवायचा उघडा शंकूसारखा फिल्टर अनेकदा उलट नुकसान करतो. मूळ बॉक्स सहसा पुढच्या बाजूची थंड हवा घेतो, तर शंकू इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. साधारण तापमानाला हवा ३ अंशांनी तापली की तिची घनता जवळपास एक टक्क्याने घटते, म्हणजे १० अंशांच्या वाढीत वर मोजलेला सगळा फायदा संपतो.

तरीही सुती फिल्टर घ्यायचाच असेल, तर मूळ बॉक्समध्ये बसणारा घ्यावा आणि आयएसओ ५०११ या एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय चाचणी पद्धतीने तपासलेली त्याची धूळ अडवण्याची क्षमता पाहावी. ९९ आणि ९७ टक्के हे आकडे जवळचे वाटतात. पण पहिला फिल्टर शंभरातला एक भाग धूळ आत सोडतो आणि दुसरा तीन, म्हणजे तिप्पट. ही धूळ पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या भिंती घासत राहते. फिल्टर धुताना पाणी स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे सोडावे, तो सावलीत पूर्ण वाळू द्यावा, हेअर ड्रायर वापरू नये. त्यानंतर धूळ धरून ठेवण्यासाठी फिल्टरसोबत दिलेले तेल त्याच्या घड्यांवर बेताने लावून ते सगळीकडे झिरपेपर्यंत थांबावे. जास्तीचे तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसले, तर सेन्सर चुकीचे आकडे देतो आणि इंजिन अडखळू लागते.

बसवताना कडेचे रबर खोबणीत सगळीकडून बसले आहे का, हे बोट फिरवून पाहावे आणि मगच क्लिपा लावाव्यात. सुमारे हजार किलोमीटरनंतर बॉक्स पुन्हा उघडून फिल्टरच्या पलीकडची, इंजिनाकडे जाणारी नळी आतून पांढऱ्या कापडाने पुसावी. बसवण्याआधी ती पुसून स्वच्छ केलेली असेल आणि आता कापडावर करकरीत पूड आली, तर आधी रबराची बैठक पुन्हा तपासावी. ती ठीक असूनही पूड येत असेल, तर कागदी फिल्टर परत बसवावा.