एमएस्सी आणि पीएचडीच्या वाटेवर या चुका टाळा

टीवायचा निकाल हातात आल्यावर ‘आता पुढे काय’ म्हणून शोधायला बसणाऱ्या विद्यार्थ्यापुढे बहुतेक वेळा एकच वाट उरलेली असते : आपल्याच विद्यापीठाची एमएस्सी. ती वाट वाईट नाही. पण बाकीची दारं आधीच्या सप्टेंबरपासून मार्चपर्यंत एकेक करून बंद झालेली असतात, हे त्याला जूनमध्ये कळतं. विज्ञान शाखेत गुण कमी पडून जेवढ्या संधी जातात, त्याहून जास्त तारखा आणि कागद यांत जातात. म्हणून इथे अभ्यास कसा करावा हे फारसं नाही, अभ्यास केलेला असूनही गाडी कुठे अडते ते आहे.

‘आधी टीवाय होऊ दे, मग बघू’

आयआयटींच्या एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा असते. तिचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचे, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. म्हणजे पाचव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच निर्णय झालेला हवा. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची जीएस ही प्रवेश परीक्षा बहुधा डिसेंबरमध्ये होते, तिचे अर्जही त्याआधीच बंद होतात. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेचा अर्ज हिवाळ्यातच येतो. जॅमचा स्कोअर त्याच वर्षापुरता चालतो, गेट या दुसऱ्या राष्ट्रीय परीक्षेचा तीन वर्षं. ‘या वर्षी देऊन ठेवतो, पुढच्या वर्षी वापरतो’ हा हिशेब गेटला लागू आहे, जॅमला नाही.

एसवायच्या उन्हाळ्यात एक कागद भिंतीला लावा. त्यावर परीक्षेचं नाव, अर्जाची शेवटची तारीख, परीक्षेचा दिवस आणि लागणारे दाखले एवढे चार रकाने पुरतात.

जॅमचा फॉर्म म्हणजे प्रवेशाचा फॉर्म नव्हे

ही चूक दरवर्षी होते. परीक्षेचा अर्ज भरला, रँक आली, आणि आता पत्र येईल म्हणून मुलं थांबतात. निकालानंतर प्रवेशाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्यात अभ्यासक्रमांचा पसंतीक्रम द्यावा लागतो आणि त्याचं शुल्कही वेगळं असतं. एनआयटींसाठी सीसीएमएन ही आणखी वेगळी प्रक्रिया आहे. बंगळुरूची आयआयएससी आणि आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्था इंटिग्रेटेड पीएचडीसाठी (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) जॅमचा स्कोअर विचारात घेतात, पण अर्ज त्यांच्याच संकेतस्थळावर करायचा असतो. ती खिडकी कित्येकदा जॅमच्या निकालाच्या आसपासच बंद होते. निकालाची वाट न बघता अर्ज टाकून ठेवा.

पसंतीक्रमात ‘मिळेल ते’ वरती आणि ‘हवं ते’ खाली लिहिणारेही असतात. वरची पसंती मिळाली की खालच्या रद्द होतात, त्यामुळे क्रम मनातल्या इच्छेप्रमाणेच लावा. न मिळणारी पसंती वर लिहिल्याने नुकसान काहीच होत नाही.

पेपरमध्येही एक हिशेब चुकतो. जॅममध्ये ६० प्रश्न आणि १०० गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात ते फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या पहिल्या ३० प्रश्नांत : एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे १० आणि संख्येत उत्तर लिहायचे २० प्रश्न यांना कापाकापी नाही. तरी मुलं ते कोरे सोडून येतात. सवय विद्यापीठाच्या पेपरची, दुसरं काय!

बारावीतलं गणित आडवं येतं

विषयांची पात्रता वाचताना पदवीच्या विषयावर नजर जाते आणि तळटीप सुटते. भौतिकशास्त्राच्या एमएस्सीला पदवीत गणितही लागतं. कुठे दोन सेमिस्टर, कुठे चार. काही आयआयटींत रसायनशास्त्रालाही निदान बारावीचं गणित लागतं. बारावीला फक्त जीवशास्त्राचा गट घेतलेल्यांनी संस्था निवडतानाच हे बघावं. नाहीतर रँक चांगली, पण पात्रता नाही, अशी पंचाईत होते आणि तेव्हा कुणी ऐकून घेत नाही. जॅमच्या रसायनशास्त्राच्या पेपरातही प्राथमिक गणित असतं, ते वेगळंच.

दाखल्यांचा घोळ

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त फटका इथे बसतो. आपल्याकडचं जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर राज्याच्या यादीवर आणि राज्याच्या नमुन्यात असतं. आयआयटी, आयसर आणि नेट (फेलोशिप आणि सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय परीक्षा) या सगळ्या ठिकाणी केंद्राची यादी आणि केंद्राचा नमुना चालतो. राज्यात धनगर भटक्या जमाती ‘क’मध्ये आणि वंजारी ‘ड’मध्ये येतात, केंद्रात दोघेही ओबीसीत. म्हणजे फॉर्मवर ‘एनटी’ हा पर्याय शोधत बसू नये, कारण तो नसतोच. ओबीसी-एनसीएल (म्हणजे ओबीसी, नॉन-क्रिमिलेअर) निवडावा आणि आपल्या जातीचं नाव केंद्रीय यादीत नेमकं कसं लिहिलंय ते पडताळून केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र काढावं. सेतू केंद्रात जाऊन ‘नॉन-क्रिमिलेअर हवंय’ एवढंच म्हटलं तर राज्याचं मिळतं. ‘सेंट्रलचं’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

२०२४ च्या कायद्याने मराठा समाजासाठी आलेला एसईबीसी हा प्रवर्ग फक्त राज्यापुरता आहे, केंद्रीय संस्थांत तो नाही. त्या विद्यार्थ्यांनी केंद्राच्या उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या निकषांत बसत असल्यास ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र काढावं, तेही केंद्राच्या नमुन्यात. आणि कुणबी नोंद असल्यास तो वेगळा मुद्दा, कारण कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत.

दुसरी अडचण तारखेची. राज्याचं नॉन-क्रिमिलेअर तीन वर्षांचं मिळतं म्हणून विद्यार्थी निर्धास्त असतात, पण केंद्रीय संस्था बहुधा चालू आर्थिक वर्षात काढलेलंच मागतात. १ एप्रिल उलटला की जुनं प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी बाद ठरू शकतं. अर्जाच्या वेळचं आणि प्रवेशाच्या वेळचं अशी दोन लागतील हे गृहीत धरून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच नव्यासाठी अर्ज करा. मे महिन्यात तहसीलमध्ये दहावी-बारावीची गर्दी असते.

नावाचंही बघा. विद्यापीठाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं, आणि शेवटी आईचं नाव. आधारवर उलटा क्रम. फॉर्ममध्ये माहितीपत्रकात सांगितलेल्या कागदावर आहे तसंच नाव लिहा आणि सगळीकडे तेच ठेवा. सीजीपीएला दहाने गुणून टक्केवारी काढू नका. विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं. परीक्षा विभागाकडून रूपांतराचं पत्र घ्या. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल रखडला तर संस्था सहसा मुदत देतात, पण प्रात्यक्षिकांसकट सगळी परीक्षा प्रवेशाआधी संपलेली असावी लागते. एटीकेटी (मागचे विषय राहिलेले) असलेल्यांनी हे आधी तपासावं.

उन्हाळी प्रकल्प : एकच ईमेल शंभर जणांना

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम केलं आहे का, हा प्रश्न इंटिग्रेटेड पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येतो. त्यासाठी वाटा बऱ्याच आहेत. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची एकत्रित उन्हाळी फेलोशिप आहे, दोन महिन्यांची. तिचे अर्ज हिवाळ्यातच संपतात. टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम आहे, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही आहे, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम आहे. इन्स्पायर शिष्यवृत्तीत तर वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात. ती मिळत असूनही प्रकल्पाचा अहवाल न दिल्याने पैसे अडकवून बसणारे विद्यार्थी कमी नाहीत.

या कार्यक्रमांबाहेर थेट शास्त्रज्ञाला लिहायचं असेल, तर हे टाळा : ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारा, कुणालाही चालेल असा मजकूर, सीसीमध्ये चाळीस पत्ते, आणि समोर बाई असताना ‘सर’. असा ईमेल उघडल्या उघडल्या ओळखू येतो. दीडशे शब्द पुरतात. पहिल्या ओळीत तुम्ही कोण आणि कोणत्या वर्षाला. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या कोणत्या कामाबद्दल वाचलं आणि त्यातलं काय कळलं. मग तुम्हाला प्रत्यक्ष काय करता येतं. ‘मला संशोधनाची आवड आहे’ यातून काहीच कळत नाही. ‘टीएलसी आणि कॉलम केला आहे’, ‘पायथॉनमध्ये डेटा फिट करता येतो’, ‘पीसीआर लावला आहे, जेल चालवलं आहे’ यातून कळतं. शेवटी तारखा. एक पानी बायोडेटा आणि गुणपत्रकं एकाच पीडीएफमध्ये. दहा-बारा दिवसांनी एक आठवण चालते, तीन नाही.

शिफारसपत्र आदल्या दिवशी मागू नये. शिक्षकांना निदान तीन आठवडे द्या, सोबत गुणपत्रक आणि तुम्ही त्यांच्याकडे काय काम केलं याच्या चार ओळी द्या. नाहीतर ‘हा विद्यार्थी मेहनती व प्रामाणिक आहे’ एवढंच पत्र मिळतं.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एमएस्सीमध्ये इंटर्नशिपचे चार क्रेडिट असतात, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाचे दोन्ही सेमिस्टर मिळून दहा. ते कॉलेजच्याच प्रयोगशाळेत उरकून टाकणं सोपं. पण पुण्याची एनसीएल ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, तिथलीच आघारकर संस्था किंवा गोव्याची एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था इथे तोच प्रकल्प करता येतो का, हे विभागप्रमुखांना पहिल्याच सेमिस्टरला विचारा. संस्थांना कॉलेजचं पत्र लागतं आणि ते वेळेत निघत नाही.

नेटमध्ये ठरल्यापेक्षा जास्त प्रश्न सोडवणं

सीएसआयआर-यूजीसी नेट २०० गुणांची, वर्षातून दोनदा. ‘अ’ भाग सगळ्यांना सारखा : २० पैकी १५ प्रश्न, ३० गुण. विषयाचा अभ्यास झाला म्हणून तो सोडून देणारे काठावर गळतात, खरं तर सर्वांत स्वस्त गुण तिथेच आहेत. रसायनशास्त्रात ‘क’ भागात ६० पैकी २५ सोडवायचे, भौतिकशास्त्रात ३० पैकी २०. जास्त सोडवले तर पहिले तेवढेच मोजले जातात, चांगले निवडून घेतले जात नाहीत. गणिताच्या ‘क’ भागात चुकीला गुण कापत नाहीत, पण अर्धवट बरोबर उत्तराला काही मिळतही नाही.

२०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : एक जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप), दुसरा सहायक प्राध्यापक आणि पीएचडी, तिसरा फक्त पीएचडी. शेवटच्या दोन गटांतले गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात आणि तिथे नेटला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के भार असतो. निकाल लागल्यावर ‘पुढच्या जाहिरातीला बघू’ म्हणून थांबलात तर मुदत संपते.

प्रकल्पातली ‘जेआरएफ’ किंवा ‘प्रोजेक्ट असोसिएट’ ही जागा म्हणजे फेलोशिप नव्हे. तो प्रकल्पाचा पगार असतो, प्रकल्प संपला की संपतो, आणि त्यातून पीएचडीची नोंदणी आपोआप होत नाही. रुजू होण्याआधी ‘नोंदणी करून देणार का, कधी’ हे विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

गाईड निवडताना निवृत्तीची तारीख विचारा

विचारायला संकोच वाटतो, पण नियमच आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीनुसार निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर गाईडना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. प्राध्यापकांना एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकांना सहा, सहायक प्राध्यापकांना चार विद्यार्थी. ‘सर घेतो म्हणाले’ यावर विसंबू नका. विद्यापीठाच्या यादीत त्यांची जागा खरोखर रिकामी आहे का, आणि त्यांचं कॉलेज त्या विषयाचं मान्यताप्राप्त संशोधन केंद्र आहे का, दोन्ही बघा. शिवाय त्यांच्याकडच्या आधीच्या दोघा-तिघांना गाठून किती वर्षं लागली ते विचारा. पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत. पुनर्नोंदणीने दोन वाढतात, स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन.

उपकरणांचाही हिशेब करा. एक्सआरडी किंवा एनएमआर ही पदार्थाची रचना तपासणारी यंत्रं आपल्याकडे नसतील तर नमुने बाहेर, म्हणजे आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या उपकरण केंद्रात, पाठवावे लागतात आणि दर नमुन्यामागे शुल्क पडतं. फेलोशिपमधली वर्षाची २०,००० रुपयांची कंटिन्जन्सी (किरकोळ खर्चाची रक्कम) रसायनांतच संपते. गाईडकडे चालू प्रकल्पाचा निधी आहे का, हा प्रश्न म्हणून उद्धटपणाचा नाही.

फेलोशिप आणि पेपर

नेटची जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलोशिप) ४२,०००, घरभाडं वेगळं. नेट नसलेल्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, पण त्यांना पीएचडीची पक्की नोंदणी लागते. नोंदणीचं पत्र विद्यापीठाच्या टेबलांवर फिरत असताना इकडे जाहिरात येऊन जाते. संशोधन समितीची बैठक झाली की दुसऱ्याच आठवड्यात पत्रासाठी अर्ज करा आणि आवक क्रमांक घ्या.

प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे, ही यूजीसीची अट २०२२ मध्ये गेली. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती बघा. पण ‘सात दिवसांत प्रकाशन, फक्त २,००० रुपये’ असा ईमेल आला की तो खोडून टाका. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून ‘केअर लिस्टेड’ हा शिक्का मिरवणाऱ्या नियतकालिकांकडे तर आणखीच सावधपणे बघा. साहित्यचौर्याची मर्यादा १० टक्के आहे. ती ओलांडून ४० टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर सहा महिन्यांत दुरुस्त प्रबंध द्यावा लागतो, ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. बहुतेकांचं साम्य पहिल्या प्रकरणात, जुन्या संशोधनाच्या आढाव्यात वाढतं. तो भाग इतरांची वाक्यं समोर ठेवून न लिहिता, वाचलेल्या टिपणांवरून लिहा.