आवाज गिळणारा हेडफोन निवडताना

खोक्यावर ‘ईएनसी’ लिहिलेलं दिसलं की मी तो हेडफोन लगेच बाजूला ठेवत नाही, पण ‘एएनसी’ शोधतो. ईएनसी तुमच्या माइकसाठी असतं, तुमच्या बोलण्यात मिसळणारा आजूबाजूचा गोंगाट ते कमी करतं. त्याचा फायदा फोनवर पलीकडे बोलणाऱ्याला. तुमच्या कानांना शांतता देतं ते एएनसी, म्हणजे ‘ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’. त्यात बाहेरचा आवाज माइक टिपतात आणि स्पीकर त्याची उलटी लाट सोडतो. विमानाची घरघर, पंखा, एसी असे खालच्या पट्टीतले, एकसुरी आवाज त्यात विरतात. साधारण १००० हर्ट्झच्या वरचं, म्हणजे भांड्यांचा खणखणाट किंवा बाळाचं रडणं, रोखायचं काम मुख्यतः कानाभोवतीच्या मऊ गादीचं. त्यामुळे ‘संपूर्ण शांतता’ या जाहिरातीवर जाऊ नका.

गादी कानाभोवती घट्ट बसते का, हे मी सर्वात आधी बघतो. चष्मा असेल तर तो घालूनच बघा. काडीमुळे फट राहिली की खालच्या पट्टीतला आवाज आत शिरतोच. दोन मिनिटांत काही कळत नाही, निदान अर्धा तास डोक्यावर राहू द्या. संगीत बंद ठेवून एएनसी चालू करा. काहींना कानात दडे बसल्यासारखं वाटतं. तसं झालं तर तीव्रता कमी करता येणारं मॉडेल घ्या. बाहेर चालताना वापरणार असाल तर वाऱ्यात माइक फुरफुरतात का, तेही बघा.

बॅटरीचे तास सगळेच मिरवतात. मी विचारतो, गाद्या बदलून मिळतात का? कारण आधी फाटतात त्याच.