लोणच्याच्या बरणीचं नवं लेबल : आधी मागची बाजू, मग पुढची

नवं लेबल करायचं ठरलं की घरातली पहिली चर्चा रंगावर होते. हिरवा घ्यायचा की पिवळा, कोपऱ्यात कैरी हवी की आंब्याचं पान, आणि नऊवारीतली आजी ठेवायची की काढायची. माझं मत विचाराल तर आजीला आता विश्रांती द्या. बचत गटांच्या कुठल्याही प्रदर्शनात एका रांगेत चार आज्या हसत असतात आणि गिऱ्हाइकाला त्यांतली एकही लक्षात राहत नाही. पण हा मुद्दा नंतरचा. लेबलाचं काम मागच्या मजकुरापासून सुरू करावं, कारण त्याला जागा किती लागते हे कळल्याशिवाय पुढे किती उरते ते कळत नाही. उलट क्रमाने गेलं की शेवटी सगळी कायदेशीर माहिती मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबली जाते.

इथे उदाहरण म्हणून २५० ग्रॅमची काचेची बरणी आणि कैरीचं तिखट लोणचं धरलं आहे. चटणी, मसाला, पापड, कोकम आगळ यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

पायरी १ : जुन्या लेबलाची झडती घ्या

तीन बरण्या गोळा करा. एक नवी कोरी, एक दुकानाच्या फळीवरची आणि एक अशी, की जी महिनाभर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात वापरली गेली आहे. खरी माहिती तिसरी देते. तेल झाकणाखालून ओघळून लेबलावर कुठपर्यंत उतरलंय, शाई फुटली का, कडा उचलल्या का, तारीख अजून वाचता येते का, ते बघा. मग तुमचा माल कधीच न घेतलेल्या माणसासमोर बरणी ठेवा आणि विचारा, की आत काय आहे, तिखट आहे की गोड, वजन किती. उत्तराला वेळ लागला तर लेबलावर काय कमी आहे ते तिथेच समजतं. बरणीचा फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून तो न उघडता बघा. बरेच छोटे उत्पादक ग्रुपवरच माल विकतात, आणि तिथे तुमचं लेबल नखाएवढंच दिसतं.

पायरी २ : मजकूर साध्या कागदावर लिहून काढा

ही पायरी सगळ्यांत कंटाळवाणी आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचीही. एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, लेबलविषयक नियम २०२० चे आहेत, वजनमाप खात्याचे आवेष्टित (आधीच पॅक केलेल्या) वस्तूंचे नियम २०११ चे. दोन्ही तुमच्या बरणीला लागू होतात. दोन्ही मिळून जे लिहावं लागतं ते असं : पदार्थाचं नाव, घटकांची यादी, पोषणमूल्यं, शाकाहारी चिन्ह, ॲलर्जीची सूचना, एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ अंकी क्रमांक, उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, बॅच नंबर, उत्पादन किंवा पॅकिंगची तारीख, एक्सपायरी, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, एककाची किंमत, साठवण्याची सूचना आणि तक्रारीसाठी संपर्क.

यातल्या काही गोष्टींवर हमखास अडखळायला होतं.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. कैरी, तेल, मीठ, मग मोहरीची डाळ, तिखट, मेथी, हळद, हिंग. त्यासाठी पाककृती ग्रॅममध्ये हवी. 'अंदाजे दोन मुठी' चालत नाही. हिंगाशी आलात की जरा थांबा. आपण डबीतला जो हिंग वापरतो तो बहुतेक वेळा बांधानी हिंग असतो, म्हणजे त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. मैदा म्हणजे गहू, आणि गहू म्हणजे ग्लूटेन. भारतात ॲलर्जीसाठी जाहीर करायच्या यादीत ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कठीण कवचाची फळं, सोयाबीन आणि सल्फाइट आहेत. म्हणजे चिमूटभर हिंगापायी लोणच्याच्या बरणीवर 'गहू आहे' असं लिहावं लागतं. हिंगाची डबी उलटी करून वाचा; तांदळाच्या पिठाचा हिंग मिळाला तर ही ओळ वाचते. मोहरी आपल्या यादीत नाही, पण ब्रिटनच्या आणि कॅनडाच्या यादीत आहे. माल तिकडच्या दुकानात जाणार असेल तर तिकडचं लेबल वेगळं करावं लागतं.

सोडियम बेंझोएट घालत असाल तर नुसतं 'प्रिझर्व्हेटिव्ह' लिहून भागत नाही, सोबत त्याचं नाव किंवा आयएनएस २११ हा त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक हवा.

पोषणमूल्यांचा तक्ता प्रयोगशाळेतून करून घेणं उत्तम, पण आकडे आले की डोळ्यांखालून घाला. १०० ग्रॅम लोणच्यात १२ ग्रॅम मीठ असेल तर सोडियम साधारण ४,७०० मिलिग्रॅम येतं. एका वाढणीचं १० ग्रॅम धरलं तर ४७० मिलिग्रॅम, आणि लेबलासाठी दिवसाचं प्रमाण २,००० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. तक्त्यात १०० ग्रॅमच्या रकान्यात ४७ किंवा ४७० दिसलं तर कुठेतरी शून्य गळलं आहे.

तारखेबाबत जुनी सवय मोडावी लागते. 'बेस्ट बिफोर १२ महिने' एवढंच लिहिणं आता पुरत नाही. उत्पादन किंवा पॅकिंगची तारीख आणि एक्सपायरी सक्तीची आहे, बेस्ट बिफोर ऐच्छिक. एककाची किंमत म्हणजे ग्रॅममागे किती ते : २५० ग्रॅमचे १८० रुपये असतील तर ०.७२ रुपये प्रति ग्रॅम. माल एक किलोपेक्षा जास्त असेल तर हाच हिशेब किलोमागे.

भाषेचाही एक नियम आहे. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत लागतो. मराठी त्याच्या जोडीला चालते, एकटी चालत नाही. दोन्ही भाषांत सगळं छापलं तर जागा दुप्पट जाते. मी तक्ता, पत्ता, परवाना इंग्रजीत ठेवायला सांगते आणि नाव, तिखटपणा, 'कोरडा चमचा वापरा' हे मराठीत. जागा उरली तर घटक मराठीतही द्यावेत, लोक ते वाचतात.

आणि 'घरगुती' हा आपला लाडका शब्द. २०१८ च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांत ग्राहकाचा गैरसमज होईल अशा तऱ्हेने 'होम मेड', 'होम कुक्ड' असं म्हणायला मनाई आहे. 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'अस्सल' हेही जपून वापरायचे शब्द आहेत. त्यांच्याऐवजी खरी माहिती लिहा : राजापुरी कैरी, शेंगदाण्याचं तेल, खडा मसाला घरच्या खलात कुटलेला. गिऱ्हाईक त्यावर जास्त विश्वास ठेवतं. भौगोलिक मानांकन असलेल्या नावांचंही तसंच आहे. हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं. ते चिन्ह लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, रत्नागिरीत राहणं पुरत नाही.

पायरी ३ : बरणी मोजा

शिंप्याची टेप घ्या. सात सेंमी व्यासाच्या बरणीचा घेर साधारण २२ सेंमी भरतो. समोरून बघणाऱ्याला त्यातले सातेक सेंमीच नीट दिसतात. म्हणून १५ सेंमी रुंदीचं एकच लेबल घ्या : मधले सात सेंमी दर्शनी भाग, डावीकडे चार सेंमीत घटक आणि तक्ता, उजवीकडे चार सेंमीत किंमत, तारखा, पत्ता. उरलेली सात सेंमी काच मोकळी ठेवा, लोणच्याचा खार दिसू द्या. बरणी वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर सरळ कापलेलं लेबल वाकडं बसतं, सुरकुत्या पडतात. शक्य असेल तर बरणीच बदला, ते स्वस्त पडतं.

शाकाहारी चिन्हाचा आकार दर्शनी भागाच्या क्षेत्रफळावर ठरतो. १०० चौरस सेंमीपर्यंत हिरव्या वर्तुळाचा व्यास किमान ३ मिमी आणि भोवतीच्या चौकोनाची बाजू ६ मिमी. अक्षरांच्या आणि आकड्यांच्या किमान उंचीचेही तक्ते नियमात आहेत, ते डिझायनरच्या हातात द्या.

बारकोड सुपरमार्केटला किंवा ऑनलाइन विक्रीला लागतो, गल्लीतल्या दुकानाला नाही. तो जीएस१ इंडियाकडून घ्यायचा. पूर्ण आकारात तो ३७.२९ बाय २५.९३ मिमी असतो आणि ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. गोल बरणीवर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या येतील असा फिरवून लावा, नाहीतर वळणावर वाचला जात नाही. आणि पांढऱ्यावर लाल रेघा कधीही नकोत. स्कॅनरच्या लाल प्रकाशाला त्या दिसतच नाहीत.

पायरी ४ : दर्शनी भाग

चार गोष्टी पुरेत : तुमचं नाव, पदार्थाचं नाव, तिखट की गोड, वजन. पदार्थाचं नाव सगळ्यांत मोठं असावं. ब्रँडचं नाव मोठं आणि 'लोणचे' बारीक हा थाट सगळ्या राज्यात ओळख असलेल्यांना परवडतो. कैरी, लिंबू, मिरची, हळद अशी चार लोणची असतील तर रचना एकच ठेवून फक्त एक रंगपट्टा बदला.

देवनागरी अक्षरांवर मात्र वेळ घालवा. ओळी जवळ आणल्या की वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. बरेच फॉन्ट हिंदीच्या वळणाचा ल आणि श देतात, आणि तुमच्या पदार्थाचं पहिलंच अक्षर ल आहे. मुक्त किंवा बलू यांसारखे 'एक टाइप' या संस्थेचे फॉन्ट फुकट मिळतात आणि व्यवसायासाठी वापरता येतात. प्रेसमध्ये जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर पुन्हा टाइप होत असेल तर प्रूफ अक्षर अक्षर वाचा. जोडाक्षरं तिथेच तुटतात. वाचून झालं की अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं चित्रासारख्या आकारांत रूपांतर करून) पीडीएफ द्यायला सांगा, म्हणजे दुसऱ्या मशीनवर काही हलत नाही.

पायरी ५ : कागद आणि छपाई

तेलकट मालाला साधा क्रोमो (चकचकीत कागदाचा) स्टिकर लॅमिनेशनशिवाय टिकत नाही. लॅमिनेशन केलेला क्रोमो किंवा थेट पीपी (प्लास्टिक) फिल्मचा स्टिकर घ्या. घरच्या इंकजेटवर काढलेलं लेबल तेलाचा एक थेंब पडला की पसरतं. पाचशे-हजार लेबलांसाठी डिजिटल छपाई परवडते : १३ बाय १९ इंची शीटवर १५ बाय ६ सेंमीची बारा-चौदा लेबलं बसतात. चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जाणारा रंग) आणि हाफ कट (स्टिकर कापायचा, खालचा कागद नाही) सांगायला विसरू नका.

छोट्या घाण्याला एक युक्ती फार उपयोगी पडते. बॅच, तारखा आणि किंमत लेबलात छापू नका. त्यांच्यासाठी कोरी चौकट ठेवा आणि प्रत्येक घाण्याला शिक्का किंवा कोडिंग मशीन वापरा. चौकटीवर लॅमिनेशन येत असेल तर साध्या शिक्क्याची शाई निघते, तिला चिकटणारी शाई वेगळी मिळते. किंमत बदलली म्हणून वर स्टिकर चिकटवणं मात्र नको. किंमत कमी केली तरच तसा स्टिकर चालतो, आणि तोही मूळ किंमत झाकणार नाही असा.

पायरी ६ : आधी डझनभर बरण्यांवर

संपूर्ण छपाईआधी एक शीट काढून घ्या. बरणी भरा, पुसा, सुकी झाल्यावर लेबल लावा. तेलाचं बोट फिरवा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढून घाम आला की कडा बघा. दोन बरण्या खोक्यात घालून दुचाकीवरून गावभर फिरवून आणा. मग ऑर्डर द्या, आणि तीही सहा महिन्यांपुरतीच. लेबलाचे नियम बदलतात. ते बदल साधारण १ जुलैपासून लागू करायची एफएसएसएआयची पद्धत आहे, त्यामुळे जूनमध्ये वर्षभराचा साठा छापणं शहाणपणाचं नाही.

डिझायनरकडून पीडीएफसोबत उघडता येणारी मूळ फाइलही मागून घ्या, आणि ते पैसे ठरवतानाच बोलून ठेवा. पुढच्या वेळी फक्त पत्ता बदलायचा असेल तर सगळं काम पहिल्यापासून करावं लागू नये.