दूध वर येणे आणि बाळाने कान ओढणे: माझा अनुभव

आमची आठ महिन्यांची मुलगी रात्री दूध पिऊन झोपली की तासाभरात पाठ ताणून रडत उठे आणि उजवा कान ओढू लागे. ताप मात्र नसे. कानात थेंब घालून झाले, अँटिबायोटिकचा एक कोर्सही झाला, पण फरक पडला नाही. तीन आठवडे घरात कोणी धड झोपले नाही.

अखेर डॉक्टरांनी कान पुन्हा तपासला, तेव्हा पडदा स्वच्छ होता. पोटातले दूध वर घशाशी आल्याने होणारी जळजळ कधीकधी कानातही जाणवते, असे त्यांनी सांगितले. त्यानुसार आम्ही प्रथम आडवे पाडून बाटली देणे बंद केले, मग दूध थोडे थोडे पण अधिक वेळा, बसते धरून दिले, मध्ये थांबून ढेकर काढला आणि पाजल्यावर 30 मिनिटे तिला खांद्याशी उभे धरले. गादीखाली उशी सरकवण्याचा माझा बेत डॉक्टरांनी साफ मोडून काढला. झोपवायचे ते सपाट गादीवर, पाठीवरच. दहाव्या दिवशी तिच्या कपड्याच्या गळ्यावरचा आंबूस डाग दिसेनासा झाला आणि हातही कानाकडे जाईना. ताप, कानातून पू, हिरवी उलटी किंवा न वाढणारे वजन, यांपैकी काही असेल तर मात्र हे करत न बसता लगेच डॉक्टरांकडे जावे.