कालव्यात जहाज अडकते तेव्हा मालाच्या मालकाने काय करावे

२३ मार्च २०२१ रोजी सकाळी सुएझ कालव्याच्या दक्षिण भागात, १५१ व्या किलोमीटरजवळ, ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचे कंटेनरवाहू जहाज धुळीच्या वादळात आडवे झाले, त्याचे नाक पूर्वेच्या काठात रुतले आणि कालव्याची वाहतूक दोन्ही बाजूंनी थांबली. २९ मार्चला जहाज तरंगू लागले व बातम्या ओसरल्या. त्या जहाजावर ज्यांचा माल होता, त्यांचे प्रकरण मात्र तेथून पुढे सुरू झाले. कालवा प्राधिकरणाने आरंभी सुमारे ९१.६ कोटी डॉलर आणि नंतर ५५ कोटी डॉलर भरपाई मागितली, इस्माइलियाच्या न्यायालयाच्या आदेशाने जहाज कालव्याच्या वाटेवरील ग्रेट बिटर लेक या तलावात जप्त राहिले, आणि तडजोड होऊन ते ७ जुलैला सुटले. रॉटरडॅमला ते जुलैच्या अखेरीस पोहोचले. या सर्व काळात जहाजावरील सुमारे १८,३०० कंटेनरांपैकी बहुतेकांना ओरखडाही आलेला नव्हता, तरीही माल सोडवण्यापूर्वी त्यांच्या मालकांना हमीपत्रे द्यावी लागली.

न्हावा शेवातून युरोपला माल पाठवणाऱ्या किंवा तिकडून मागवणाऱ्या छोट्या व्यावसायिकासमोर असा प्रसंग आला तर कोणत्या क्रमाने काय करावे, याची ही माहिती आहे. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी स्वतंत्र विभाग असतो. छोटा निर्यातदार फॉरवर्डरच्या (मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थाच्या) फोनची वाट पाहत बसतो आणि तेवढ्यात पहिले महत्त्वाचे दिवस निघून जातात.

आपला कंटेनर नेमका कोठे आहे

पहिले काम हे, आणि ते वाटते तितके सोपे नसते. बिल ऑफ लेडिंगवर (माल वाहतुकीसाठी घेतल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीवर) ज्या जहाजाचे नाव आहे त्याच जहाजावर माल असेल असे गृहीत धरू नये, कारण कोलंबो, सलालाह किंवा जेबेल अली अशा मधल्या बंदरात कंटेनर उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवला गेलेला असू शकतो. शिवाय मोठ्या शिपिंग लाइन (जहाज कंपन्या) आपापसांत जहाजांवरील जागा वाटून घेतात. एका कंपनीकडे आरक्षण केलेला कंटेनर दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर असणे ही नित्याची गोष्ट आहे. म्हणून बातमीतील जहाज ‘आपल्या लाइनचे नाही’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. चार अक्षरे आणि सात अंकांचा कंटेनर क्रमांक लाइनच्या संकेतस्थळावर टाकून सध्याचे जहाज व फेरीचा क्रमांक पाहावा आणि त्याची खात्री फॉरवर्डरकडून ईमेलने, म्हणजे लेखी, करून घ्यावी.

यातून तीनपैकी एक उत्तर मिळते. माल रुतलेल्या जहाजावर आहे, मागे रांगेत थांबलेल्या जहाजावर आहे, किंवा आफ्रिकेला वळसा घालून निघालेल्या जहाजावर आहे. दुसऱ्या व तिसऱ्या परिस्थितीत प्रश्न केवळ विलंबाचा असतो. पहिल्या परिस्थितीत विलंब तर असतोच, शिवाय पैशांची मागणीही येते, आणि बहुतेकांची तयारी नसते ती याच मागणीची.

किती दिवस लागतील याचा अंदाज

पर्यायी माल पाठवायचा की थांबायचे, हा निर्णय या अंदाजावर अवलंबून असतो. पहिल्या दोन दिवसांत अधिकाऱ्यांकडून येणाऱ्या आश्वासनांवर फार विसंबू नये. २००४ मध्ये ‘ट्रॉपिक ब्रिलियन्स’ हे तेलवाहू जहाज याच कालव्यात अडकले होते आणि तीन दिवसांत मार्ग मोकळा झाला होता. २०२१ मध्ये त्याच्या दुप्पट काळ लागला. अधिक विश्वासार्ह खूण भरतीची आहे. कालव्याच्या दक्षिण भागात लाल समुद्राच्या भरती-ओहोटीचा परिणाम चांगलाच जाणवतो, आणि ‘एव्हर गिव्हन’ सुटले ते २८ मार्चच्या पौर्णिमेनंतरच्या मोठ्या भरतीत. ‘मशहूर’ या ड्रेजरने तोपर्यंत नाकाखालची वाळू उपसली होती (एकूण सुमारे ३०,००० घनमीटर), आणि शक्तिशाली टग (जहाजे ओढणाऱ्या बोटी) शेवटच्या टप्प्यात येऊन पोहोचले होते. त्यामुळे जहाज रुतल्याची तारीख आणि पुढच्या पौर्णिमेची किंवा अमावास्येची तारीख शेजारी लिहून पाहावी. ती संधी हुकली आणि कंटेनर उतरवून जहाज हलके करण्याची भाषा सुरू झाली, तर मात्र आठवड्यांचा हिशेब धरावा, कारण एवढ्या उंचीवरून कंटेनर उचलणाऱ्या तरंगत्या क्रेन जवळपास सहज मिळत नाहीत.

मार्ग मोकळा झाल्यावरही लगेच सर्व सुरळीत होत नाही. २०२१ मध्ये ताटकळलेली ४०० हून अधिक जहाजे ३ एप्रिलपर्यंत पार झाली, परंतु ती सर्व युरोपच्या बंदरांवर एकाच वेळी धडकली आणि तेथे नवी गर्दी झाली. केप ऑफ गुड होपचा मार्ग हा पर्याय कागदावर असतो, पण मुंबईहून उत्तर युरोपचे अंतर सुएझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैल असेल तर वळसा घालून ते १०,७०० च्या आसपास जाते. मार्ग कोणता घ्यायचा हे लाइन ठरवते. बिल ऑफ लेडिंगच्या मागील बारीक अक्षरांतील अटी तिला तो अधिकार देतात.

जनरल ॲव्हरेजची मागणी

जहाज आणि त्यावरील सर्व माल वाचवण्यासाठी जाणीवपूर्वक केलेला असाधारण खर्च जहाजाचा मालक आणि मालाचे सर्व मालक यांनी आपापल्या मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, असा सागरी व्यापाराचा प्राचीन नियम आहे; त्यालाच जनरल ॲव्हरेज म्हणतात. आज तो यॉर्क-अँटवर्प या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चालतो. टगचे भाडे आणि बचाव तज्ज्ञांचे मानधन यांसारखे खर्च त्यात येतात. ‘एव्हर गिव्हन’च्या जपानी मालकाने जहाज सुटल्यानंतर थोड्याच दिवसांत जनरल ॲव्हरेज जाहीर केले. समजा, एका कंटेनरमधील मालाची किंमत ४० लाख रुपये आहे आणि सामायिक खर्चाचे प्रमाण पाच टक्के निघाले, तर त्या मालकाच्या वाट्याला दोन लाख रुपये येतील. चूक कप्तानाची होती, वाऱ्याची होती की कालव्यातून जहाज नेणाऱ्या पायलटांची, हा वाद वेगळा चालतो आणि हमी देणे त्यासाठी थांबत नाही. नौकानयनातील चुकीबद्दल वाहतूकदाराला जबाबदारीतून सूट देणारी तरतूद सागरी मालवाहतुकीच्या नियमांत जुनीच आहे. ती न्याय्य आहे असे मला वाटत नाही, पण ती आहे.

मागणी जहाजमालकाने नेमलेल्या ॲव्हरेज ॲडजस्टरकडून (प्रत्येकाचा वाटा काढणाऱ्या हिशेबतज्ज्ञाकडून) येते. त्याला दोन कागद हवे असतात: मालाच्या मालकाने सही केलेला ॲव्हरेज बाँड (आपला वाटा भरण्याचे वचनपत्र) आणि विमा कंपनीने दिलेली ॲव्हरेज गॅरंटी (तो वाटा भरला जाईल याची हमी). सोबत व्यापारी बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग आणि विमा पॉलिसीची प्रत लागते. बचाव कंपनी स्वतःच्या मोबदल्यासाठी वेगळी हमी मागू शकते; एक कागद दिला म्हणजे दुसऱ्याचेही काम झाले असे समजू नये. हमी मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क जहाजमालकाला असतो. माल दुसऱ्या जहाजाने पुढे पाठवला गेला तरी सामान्यतः ही जबाबदारी सुटत नाही.

येथे करायचे काम एकच: ज्या दिवशी जनरल ॲव्हरेज जाहीर झाल्याचे कळेल, त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवून सर्व कागद तिच्याकडे पाठवावेत आणि बाँडवर सही करण्यापूर्वी तो तिला दाखवावा. विमा असेल तर गॅरंटी कंपनी देते आणि पुढील हिशेबही तीच पाहते. विमा नसेल तर ॲडजस्टर रोख ठेव मागतो, आणि ती परत मिळण्यास वर्षे लागू शकतात. बीजकात मालाची किंमत कमी दाखवण्याची सवय असलेल्यांनी हेही लक्षात ठेवावे की वाटा आणि भरपाई दोन्ही त्याच बीजकावरून ठरतात.

एका कंटेनरमध्ये अनेकांचा माल एकत्र भरला असेल तर अडचण वाढते, कारण एकाने हमी दिली नाही तरी संपूर्ण कंटेनर अडकून पडतो. अशा वेळी फॉरवर्डरकडून इतर मालकांची स्थिती विचारत राहणे एवढेच हाती असते.

विमा आणि विक्रीची अट

सागरी मालविम्याच्या ए, बी आणि सी या तिन्ही प्रमाणित कलमांत जनरल ॲव्हरेज आणि बचाव खर्चाचा समावेश असतो. सर्वांत स्वस्त सी प्रकारातही तो असतो. तिन्हींत विलंबामुळे झालेले नुकसान वगळलेले आहे. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही, पॉलिसीत वेगळे काही म्हटले नसेल तर, विलंबाने झालेले नुकसान विमा कंपनीवर पडत नाही, मग तो विलंब विमा उतरवलेल्या संकटामुळे झालेला का असेना. नाशिकची द्राक्षे रांगेत थांबून मऊ पडली तर भरपाई मिळण्याची आशा जवळपास ठेवू नये.

मागणी कोणाकडे येईल हे विक्रीच्या अटीवर बरेचसे ठरते. एफओबी (जहाजभाडे खरेदीदाराकडे) आणि सीआयएफ (जहाजभाडे व विमा विक्रेत्याकडे) या दोन्हींत जोखीम माल जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते, त्यामुळे उशीर झाला एवढ्याच कारणाने त्याला करार मोडता येत नाही. ठरलेल्या ठिकाणी माल पोहोचवून देण्याच्या डीएपी किंवा डीडीपी या अटींमध्ये माल पोहोचेपर्यंत जोखीम विक्रेत्याची राहते. द्राक्षांसारखा माल जेव्हा कन्साइनमेंटवर, म्हणजे तिकडे विकल्यानंतर भाव ठरवण्याच्या बोलीवर जातो, तेव्हा तर अट काहीही लिहिलेली असो, फटका व्यवहारात बागायतदार आणि निर्यातदारालाच बसतो. एफओबीने विकणाऱ्याने, खरेदीदाराने माल नाकारला तर उपयोगी पडणारे विक्रेत्याचे आकस्मिक विमा संरक्षण विचारून घ्यावे. लेटर ऑफ क्रेडिटवर (योग्य कागद मिळताच विक्रेत्याला पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर) आयात करणाऱ्याने बँकेकडून सवलतीची अपेक्षा ठेवू नये, कारण बँक कागद पाहते, माल पाहत नाही. कागद बरोबर असतील तर माल कालव्यात असतानाही पैसे द्यावे लागतात.

नाशवंत माल आणि ताबा घेताना

रीफर (शीतकरण असलेल्या) कंटेनरसाठी लाइनकडे ताबडतोब लेखी विनंती करावी की ठरलेले तापमान व वायुवीजन कायम ठेवावे आणि तापमानाच्या नोंदी जपून ठेवाव्यात. विलंब आणि यंत्राचा बिघाड यांत फरक सिद्ध करण्याचे साधन म्हणजे या नोंदी. बिघाडाने नुकसान झाल्याचे दिसले तर लाइनवर दावा करता येतो, आणि पॉलिसीत तशी जोड असेल तर विम्याचाही मार्ग उघडतो. त्यामुळे कंटेनर उघडताना खरेदीदाराने एकट्याने छायाचित्रे काढून पाठवणे पुरेसे नाही. विमा कंपनी आणि लाइन या दोघांना आधी कळवून सर्व्हेअरच्या (नुकसान तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या) उपस्थितीत पाहणी करावी. दिसणारे नुकसान ताबा घेतानाच आणि न दिसणारे तीन दिवसांच्या आत लाइनला लेखी कळवायचे असते, आणि वाहतूकदाराविरुद्ध दाव्याची मुदत साधारणपणे एक वर्षाची असते. रिकामा कंटेनर परत करण्यासाठी मोफत दिवस वाढवून मिळावेत ही विनंतीही माल बंदरावर पोहोचण्यापूर्वी करावी, कारण नंतर लागलेले भाडे माफ करून घेणे फार कठीण जाते.

ॲडजस्टरचा अंतिम हिशेब येण्यास कित्येक वर्षे लागतात. तोपर्यंत बाँडची सहीची प्रत, गॅरंटीची प्रत, बीजक, सर्व्हेचा अहवाल आणि रोख ठेव भरली असल्यास तिची मूळ पावती एका धारिकेत ठेवावी. माल खराब स्थितीत पोहोचला असेल तर त्याची कमी झालेली किंमत ॲडजस्टरला सर्व्हेच्या अहवालासह कळवावी, कारण वाटा प्रवासाच्या शेवटी असलेल्या मूल्यावर काढला जातो आणि ही वजावट आपण कागद दाखवल्याशिवाय कोणी करत नाही.