सीटीच्या डोसचा हिशोब मांडायला बसण्याआधी

आपल्या मशीनवर पेशंटला किती डोस जातो ते गोळा करून डीआरएलशी, म्हणजे त्या तपासणीसाठी ठरलेल्या संदर्भ-आकड्याशी, ताडायचं, त्याचा हा हिशोब. क्यूए (मशीनची गुणवत्ता तपासणी), एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स, आरएसओची म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची सही हे असतंच, त्यावर बोलत नाही. टीएलडी बॅजचा (अंगावर लावायचा, किरण मोजणारा बिल्ला) रिपोर्ट फाइलला लावून डोस मॉनिटरिंग झालं म्हणणारे अजून आहेत. बॅज टेक्निशियनचा असतो, पेशंटचा नाही.

एक्सेल उघडलं की आधी फँटमचा रकाना. फँटम म्हणजे डोस मोजायला पेशंटच्या जागी धरलेला प्लास्टिकचा गोल ठोकळा. डोस पेजवर (स्कॅननंतर मशीन दाखवतं तो डोसचा तक्ता) सीटीडीआय-व्हॉलच्या, म्हणजे त्या फँटमवर धरलेल्या डोसच्या आकड्याच्या, शेजारीच फँटमचा व्यास 16 सेमी की 32 सेमी ते लिहिलेलं असतं, तेवढं उतरवायचं. मागच्या वेळी हा रकानाच नव्हता आणि सगळी शीट फेकावी लागली. डोकं 16 वर, मोठ्या माणसाची छाती-पोट 32 वर, इथवर सरळ आहे. घोळ लहान मुलांच्या पोटाचा: काही मशीन 16 धरतात, काही 32. मानेचंही तेच. केव्ही तोच, एमएएस तोच, म्हणजे एक्स-रेची सेटिंग सारखीच, तरी 16 चा आकडा 32 च्या साधारण दुप्पट दिसतो. दोन मशीनचे आकडे कालवले की एक उगाच बदनाम होतं, नाहीतर खरोखर जास्त डोस देणारं झाकलं जातं.

एका तपासणीचे किमान 20 पेशंट, जमले तर 30. मुतखड्याचा प्लेन आणि लिव्हरचा ट्रिपल फेज (एकाच भागाचे तीनदा स्कॅन) दोन्ही ‘पोट’ म्हणून एकत्र टाकू नका. वजन काट्यावरच घ्या. गडचिरोली-बालाघाटहून रात्री स्ट्रेचरवर आलेल्यांच्या पुढे अंदाजाने 60 लिहिलं जातं. ओळीने सात 60 दिसले की समजून जा. वजन नसेल तर इमेजवर पेशंटची रुंदी आणि जाडी मोजून एसएसडीई, म्हणजे पेशंटच्या आकारमानानुसार दुरुस्त केलेला डोस, काढा. त्याचे तक्ते एएपीएम या अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेच्या 204 नंबरच्या रिपोर्टात आहेत, 2011 चा. तेही 16 ला वेगळे, 32 ला वेगळे. आलं ना परत तेच?

बोलस ट्रॅकिंगची (इंजेक्शनचं औषध पोहोचलं का ते एकाच जागी पुन्हा पुन्हा बघणं) ओळ हिशोबात घेऊ नका. टेबल जागचं हलत नाही, म्हणून सीटीडीआय फुगलेला आणि डीएलपी (सीटीडीआय गुणिले स्कॅनची लांबी) किरकोळ असतो. बाकी ओळींना गुणाकार लावून बघा: 10 मिलिग्रे गुणिले 45 सेमी म्हणजे 450 च्या आसपास. 900 आलं तर दोन फेज एकत्र झालेत. अपघाताच्या पेशंटमध्ये मशीन डोक्याचा आणि छातीचा डीएलपी बेधडक जोडून ‘टोटल’ दाखवतं. एक 16 वरचा, एक 32 वरचा, त्या बेरजेला काही अर्थ नाही.

बाकी भराभर. मुलं वजनाच्या गटात, डोक्याला मात्र वय. रिपीट स्कॅन धरायचा. सरासरी नको, मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा). एमएसव्हीच्या (मिलिसिव्हर्ट, शरीरावरच्या परिणामाचा अंदाजी डोस) फंदात पडू नका. सीटीसोबत कॅथलॅबचा (अँजिओग्राफीच्या खोलीचा) डीएपी, म्हणजे डोस गुणिले क्षेत्रफळ, घेत असाल तर एकक बघा, 1 ग्रे-सेमी² म्हणजे 100 मायक्रोग्रे-मी². डीआरएलशी ताडताना तो कोणत्या फँटमवरचा आहे ते त्याच्या तक्त्यात आधी शोधा, मग आपला आकडा शेजारी लिहा.